गळतंय? गळू द्या!

माझ्या घरी येणारा पाहुणा फाटकातून आत शिरला की आधी माझ्याकडे पाहत नाही. तो वाकून माझ्या गाडीच्या पोटाखाली पाहतो. मग कंबर सरळ करतो, आजाऱ्याच्या समाचाराला गेल्यावर करायचा तो चेहरा करतो आणि विचारतो, "अजून गळतंच का हो?" जणू गळती गाडीला नसून मलाच लागली आहे. देऊळगाव राजासारख्या गावात माणसाची ओळख कशावरून पडेल याचा नेम नाही. कोणी जिनिंगवाले असतात, कोणी बालाजीच्या देवळामागचे असतात. मी वीस-एकवीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून जे नाव कमावलं ते एवढंच, की मी 'गळक्या गाडीवाला, बँकेतला'. २०२४ च्या पगारकरारात आमचं 'क्लार्क' हे नाव जाऊन 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं भरघोस नाव मिळालं, पण ते फक्त पगाराच्या स्लिपवर. गावाने दिलेली पदवी कुठल्याच करारात बदलत नाही.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८२ सालची. वडिलांनी १९९४ मध्ये, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर, फंडाच्या पैशातून ती जुनी विकत घेतली. म्हणजे ती आमच्याकडे आली तेव्हाच तिचं एक आयुष्य जगून झालं होतं. ही गाडी मूळची इटलीची, फियाट ११००. प्रीमियर कंपनी १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात ती 'डिलाइट' म्हणून काढत होती, १९७४ च्या सुमाराला तिचं पद्मिनी झालं. चार सिलिंडर, १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. एके काळी ती मिळावी म्हणून माणसं नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहत. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले. त्या दिवशी माझी पद्मिनी दारात उभी राहून शांतपणे गळत होती. तिच्यावर कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत.

आता माझं भांडण कोणाशी आहे ते सांगतो. तेलाशी नाही. तेल बिचारं वाट मिळेल तिकडे जातं, तो त्याचा धर्म आहे. माझं भांडण आहे ते गळतीवर मत देणाऱ्यांशी. या देशात क्रिकेट, लग्न आणि गाडीची गळती या तीन विषयांवर मत द्यायला पाहणी करावी लागत नाही, असा सर्वांचा समज आहे.

पहिला पंथ 'गळू द्या' वाल्यांचा. "जुनी गाडी म्हटल्यावर गळणारच! ज्या दिवशी गळायची थांबेल त्या दिवशी समजा, आत तेलच उरलं नाही." हे वाक्य मी आजवर निदान पन्नास तोंडांतून ऐकलं आहे आणि प्रत्येक तोंडाला ते आपल्याला आत्ताच सुचलं असं वाटलेलं आहे. या पंथाला थोडा शास्त्राधार आहे, हे मी कबूल करतो. जुन्या ॲम्बेसेडरमध्ये जे बीएमसीचं इंजिन होतं, त्यात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हताच. शाफ्टवर आटे कोरलेले असत. शाफ्ट फिरला की ते आटे तेलाला परत आत ढकलत. गाडी थांबली की ढकलणारं कोणी नाही, मग एखादा थेंब खाली येई. कारखान्याने त्याला जन्मतःच परवानगी दिली होती. पण एक थेंब कारखान्याने दिलेला आणि शंभर थेंब आपण लावून घेतलेले, यात फरक करायचा की नाही? आमच्या शाखेत सकाळी पाच मिनिटं उशिरा यायची मूक सवलत आहे, म्हणून कोणी जेवून-झोपून चार वाजता येत नाही. निदान रोज येत नाही.

शिवाय गळतं किती, हे या लोकांनी कधी मोजलेलं नसतं. मी मोजलं. कॉमर्सचा पदवीधर दुसरं करणार काय? तेलाच्या वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर धरा. रात्रभरात तीस थेंब पडले तर दीड मिलिलिटर, वर्षाला अर्ध्या लिटरच्या किंचित वर. एवढं तर घरातल्या देवासमोरचा दिवा पितो. पण मिनिटाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला १४४० थेंब, बहात्तर मिलिलिटर, महिन्याला दोन लिटरच्या वर. पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी फरशीवर काळा डागच दिसतो. आणि तेलाची किंमत तेलाएवढीच असती तर मीही म्हणालो असतो, गळू द्या. पातळी खाली गेली, तेलाचा लाल दिवा पेटला आणि आपण 'वायर लूज असेल' म्हणून पुढे गेलो, की बेअरिंगं धरतात आणि मग त्या इंजिनाचा समाचार थेट भंगारवाला घेतो.

दुसरा पंथ 'उतरवा' वाल्यांचा. एका मोठ्या गावच्या नामांकित मिस्त्रीकडे मी गाडी नेली. त्याने गाडीखाली मान घातली, किती वेळ म्हणाल, तर मी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर ठेवीपर्यंत. मान बाहेर काढून म्हणाला, "साहेब, मागचा सील गेला. इंजिन उतरवाच लागते."

"सील गेला हे कशावरून?"

"मागून गळून राह्यलं ना, साहेब!"

"खर्च?"

"धरा अठ्ठावीस. पार्ट भेटला तर."

अठ्ठावीस म्हणजे हजार, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बस स्टँडपर्यंत चालत येताना मी मनात भागाकार केला. तेव्हा गाडी महिन्याला अर्धा लिटर तेल खात होती. लिटरला चारशे रुपये धरले तर अठ्ठावीस हजार वसूल व्हायला साडेअकरा वर्षांच्या वर. तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर असेन आणि गाडी पन्नाशी ओलांडून सरकारी नियमाप्रमाणे 'विंटेज' झालेली असेल. २०२१ च्या नियमांत विंटेज म्हणवून घ्यायला गाडीचं वय पन्नासच्या पुढे लागतं. तोपर्यंत ती नुसतीच जुनी.

मागून गळतंय म्हणून मागचा सील, हा जो तर्क आहे त्याच्याइतका सोपा आणि त्याच्याइतका चुकीचा तर्क मी बँकेतही पाहिला नाही. अहो, तेल वरून खाली येतं. गाडी पळत असली की वाऱ्याने पुढून मागे जातं. इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग झिरपायला लागलं तर ते तेल ब्लॉकच्या अंगाने ओघळत, चेंबरच्या कडेने सरकत, सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात मागच्या कोपऱ्यात जमतं आणि तिथून टपकतं. थेंब पडतो ती जागा फक्त त्याच्या प्रवासाचं शेवटचं स्टेशन. आपण स्टेशनमास्तरला धरून विचारतो, हा माणूस कुठला? त्याला काय ठाऊक!

पण सगळ्यात जास्त राग मला तिसऱ्या पंथाचा येतो. 'आवळा आणि लिंपा' हा त्या पंथाचा मंत्र. गळतंय ना? मग तिथला नट आवळा. तरी गळतंय? आणखी आवळा. टॅपेट कव्हर म्हणजे पातळ पत्र्याचं झाकण, त्याच्याखाली कॉर्कचं पॅकिंग. कॉर्कला हलकं दाबायचं असतं. लांब दांड्याच्या पान्याने दोन पुरुषांनी मिळून आवळलं की कॉर्क चिरडून बाहेर येतो, पत्र्याची कड नटांपाशी खाली वाकते आणि दोन नटांच्या मध्ये कमान उभी राहते. कालपर्यंत झिरपत होतं, आजपासून वाहतं. मग पुढची पायरी, लिंपण. पूर्वी शेलॅक होती, आता ट्यूबमधला अनाबॉन्ड आहे, आणि काहीच हाताशी नसलं तर नळाला लावतात तो एम-सील आहेच. तेलकट पत्र्यावर, न पुसता, वरून लिंपायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी गोठा सारवतात तसं. तेलावर काही चिकटत नाही, हे बाईमाणसाला भांडी घासताना कळतं, पण गॅरेजात कळत नाही. आणि जे पॅकिंगच्या आतल्या बाजूला घसघशीत पिळलेलं असतं, त्याचे तुकडे सुटून चेंबरमध्ये पडतात आणि तेलपंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. बाहेरची गळती थांबावी म्हणून आतलं तेल थांबवायचं, असा हा व्यवहार.

आमच्या बँकेत या लिंपणाला एक प्रतिष्ठित नाव आहे. सस्पेन्स खातं. न सापडणारा फरक तात्पुरता ठेवण्याची जागा. तात्पुरता म्हणजे आपली बदली होईपर्यंत.

तर सांगायची गोष्ट अशी, की तीन पंथांचं मिळून एक सर्वपक्षीय मत तयार झालं होतं आणि त्याचा पुढाकार आमच्या मेव्हण्याकडे होता. मेव्हणा जालन्याला सळईच्या धंद्यात आहे. जालन्यात भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या आहेत, त्यामुळे त्याला रस्त्यावरची कुठलीही वस्तू किलोत दिसते. "भाऊजी, नऊशे किलोच्या आतबाहेर भरेल. भाव आत्ता बरा आहे. २०२२ ला रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाला सहाशेचे पाच हजार झाले, २०२७ ला काय होईल सांगता येत नाही. देऊन टाका." नाव चितोडच्या राणीचं आणि शेवट जालन्याच्या भट्टीत. एखाद्या स्लॅबमध्ये सळई होऊन पडायचं आणि तो स्लॅबही पुढे पावसाळ्यात गळायचा.

मी 'हो' म्हणण्याच्या बेतात होतो. फरशी काळी झाली होती, सौ. रांगोळी फाटकाबाहेर काढू लागली होती. अडलं ते आईपाशी. आईचं वय एक्याऐंशी. उजवा गुडघा वाकत नाही. एस.टी.ची पायरी तिला चढवत नाही आणि मेव्हण्याच्या त्या उंच गाडीत बसायला तिला पाट लागतो. पद्मिनीत मात्र ती आधी पाठ टेकते, मग पाय आत घेते, कुणाचा हात न धरता. तिचं माहेर मेहकर. तिथल्या शार्ङ्गधर बालाजीला वर्षातून एकदा जायचं, हा तिचा नेम वडील होते तोवर याच गाडीने पार पडला. दोन वर्षं तो चुकला होता, कारण तेल टाकत टाकत मेहकर गाठायची माझी हिंमत नव्हती. मेव्हण्याचं बोलणं ऐकून ती एवढंच म्हणाली, "द्यायची असेल तर द्या. मला आता कुठे जायचंय?"

हे वाक्य ज्यांनी ऐकलं आहे त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. त्या रात्री मी ठरवलं की गळतीचा फरक आपणच शोधायचा.

मी २००४ साली नोकरीला लागलो तेव्हा शाखेत अजून जाडजूड लेजरं होती आणि एक जुने हेडकॅशियर होते. ट्रायल बॅलन्स जुळेना की नवी पोरं पानं उलटत सुटायची. ते म्हणायचे, "आधी फरकाकडे बघ, मग लेजराकडे. फरक नऊने भागला जातो का? जात असेल तर आकडे उलटे पडलेत. साडेचारशेचे पाचशे चाळीस झाले की नव्वद येतात. नाही जात? मग निम्मा कर. तेवढीच रक्कम जमेऐवजी नावे पडली असेल." फरक स्वतः सांगतो की तो कुठून आला. त्याला बोलू द्यावं लागतं.

पहिल्या रात्री मी गाडीखाली एका मोठ्या खोक्याचा पुठ्ठा पसरला, त्यावर चारही चाकांच्या जागा पेन्सिलने आखल्या आणि झोपलो. सकाळी थेंब मोजले. काळसर, तपकिरी, म्हणजे इंजिनाचं तेल. गिअरचं तेल जाड असतं, त्याचा वास नाकाला झोंबतो. ब्रेकचं पातळ असतं, आणि ते दिसलं तर थेंब मोजत न बसता गाडी जागची हलवू नये. थेंब एका ठिकाणी नव्हते. पुढे होते, मधे होते, मागे तर होतेच. मिस्त्रीच्या मागच्या सीलने पुढच्या चाकाजवळ थेंब कसा टाकला, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

रविवारी इंजिन धुतलं. पूर्वी रेशनचं रॉकेल वापरायचे, आता ते मिळत नाही म्हणून लिटरभर डिझेल आणि जुना ब्रश. डिस्ट्रिब्यूटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. चाळीस वर्षांची पुटं निघाली, त्यातल्या निम्म्याहून अधिक लिंपणाची होती. इंजिन कोरडं पुसल्यावर मी आईच्या कपाटातून टाल्कम पावडरचा डबा आणला आणि इंजिनाला अंगभर पावडर लावली. यात हसण्यासारखं काही नाही. पांढऱ्या पावडरीवर तेलाची पहिली रेघ कुठे उमटते ते चटकन दिसतं. पण फाटकाशी उभ्या असलेल्या शेजाऱ्यांना हे कोण सांगणार? बँकेतला माणूस रविवारी सकाळी गाडीला आंघोळ घालून पावडर लावतोय, ही बातमी दुपारपर्यंत आमना नदीच्या पलीकडे गेली.

इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात सौ.चा हातआरसा. आणि मला घाम फुटला. टॅपेट कव्हरच्या कडेने तेल येत होतं. डिपस्टिकच्या भोकातून येत होतं. पेट्रोलपंपाच्या बुडाशी येत होतं. पुढे पुलीमागून येत होतं. एक गळती शोधायला गेलो तर पाच सापडल्या. क्षणभर जालन्याची भट्टी डोळ्यांपुढे आली.

पण लेजरातली एक गोष्ट मला ठाऊक होती. चार खात्यांत एकदम फरक निघाला तर चार क्लार्क एकाच दिवशी चुकलेले नसतात. एवढी अक्कल आणि एवढा मूर्खपणा, दोन्ही एका दिवशी चार जणांना सुचत नाहीत. कुठेतरी एकच गोष्ट बिघडलेली असते. मग मी वडिलांची वही काढली. १९९४ पासून त्यांनी गाडीचा सगळा जमाखर्च लिहून ठेवला आहे. तारीख, किलोमीटर, तेल, शेरा. २०१७ मध्ये ते गेल्यानंतर वही मी चालवली. मी 'तेल' या रकान्याची बेरीज करत खाली आलो. पंचवीसेक वर्षं तीन-चार महिन्यांनी पाव लिटर, पाव लिटर. आणि मग नोव्हेंबर २०२१ पासून दर महिन्याला पाव. पुढे दर महिन्याला अर्धा. म्हातारपण असं दिवाळीच्या मुहूर्तावर एकदम येत नसतं. तेव्हा काहीतरी झालं होतं. शेऱ्याचा रकाना मी वाचला नाही. आकडे जुळवताना शेरा कोण वाचतो?

इंजिन चालू असतानाच मी तेल ओतायचं झाकण सैल केलं. ते माझ्या हातातून उडालं आणि भकाभका धूर तोंडावर आला. मी ओरडलो. स्वयंपाकघरातून सौ. धावत आली. तिने धूर पाहिला, झाकण पाहिलं, मला पाहिलं आणि म्हणाली, "अहो, शिटी चोंदलीय याची."

तिला इंजिनातलं काही कळत नाही, हे तिनेच नंतर सांगितलं. तिला कुकर कळतो. कुकरची शिटी चोंदली की वाफ रबरी रिंगेच्या कडेने सुटायला लागते. अशा वेळी ती रिंग बदलत नाही, झाकणाला एम-सील लावत नाही, कुकर उतरवायला अठ्ठावीस हजारही मागत नाही. सुईने शिटी साफ करते.

इंजिनाला शिटी असते, तिला ब्रीदर म्हणतात. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी स्फोटातला थोडा वायू त्यांच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरतोच, जुन्या इंजिनात जरा जास्त. त्याला बाहेर जायला ही नळी. काही गाड्यांत ती हवेच्या फिल्टरला जोडलेली असते, काहींत नुसती खाली रस्त्याकडे तोंड करून सोडलेली. नळी बंद झाली की आत दाब साठतो आणि तो दाब तेलाला प्रत्येक पॅकिंगातून, प्रत्येक सीलमधून बाहेर रेटतो. कडेकोट सील घाला, दुप्पट आवळा, चौपट लिंपा, दाब कमी होत नाही. तो पुढची कच्ची जागा शोधतो.

आमच्या गाडीची नळीची मूळ जोडणी कुठल्याशा जुन्या दुरुस्तीत नाहीशी झाली होती आणि नळी खाली लोंबत होती. मी गाडीखाली सरपटलो. नळीच्या तोंडात कापडाचा बोळा होता, वरून तारेने करकचून आवळलेला, तेल पिऊन डांबरासारखा घट्ट झालेला. पकडीने तार तोडली, बोळा ओढून काढला. सोडा वॉटरची बाटली उघडावी तसा आवाज झाला.

आणि मग मला संताप आला. चार वर्षं! कुठल्या अडाण्याने हे केलं असेल? इंजिनाचा श्वास कोंडणारा, समोर दिसणारं तोंड बंद केलं की काम झालं असं समजणारा हा माणूस कोण? मी मिस्त्र्यांची यादी आठवू लागलो. प्रत्येकाला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. मग घरात जाऊन वही उघडली आणि शेऱ्याचा रकाना वाचला.

"३०-१०-२०२१. दिवाळीची साफसफाई. खालच्या नळीतून फरशीवर तेल उडते. चिंधी कोंबून तारेने आवळली. गळती बंद."

अक्षर वळणदार होतं. बँकेत माझ्या अक्षराची तारीफ होते.

बोळा धुतल्यावर तो पांढऱ्या सुती पंचाचा तुकडा निघाला. तो आई बराच वेळ हातात धरून बसली. "हा यांचा पंचा," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, यातला एक गेला कुठे." मी त्यावर काही बोललो नाही. सौ.ही बोलली नाही, आणि ते जास्त लागलं.

पुढचं काम फार नव्हतं. टॅपेट कव्हर काढून त्याची वाकलेली कड लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने ठोकून सरळ केली, काचेवर ठेवून पाहिली, कॉर्कचं नवं पॅकिंग घातलं, नट हाताने बसवून पान्याने फक्त एवढेसे फिरवले. पेट्रोलपंपाखालचं कागदी पॅकिंग बदललं. चेंबरच्या ड्रेन प्लगला तांब्याचा नवा वायसर घातला, कारण जुना आवळून आवळून पापडासारखा झाला होता. ब्रीदरची नळी साफ करून तिच्या खाली एक छोटी डबी टांगली, म्हणजे उडेल ते डबीत. नव्या तेलाचे पैसे धरून दोन हजारांच्या आत सगळं भागलं. त्या मागच्या सीलला कोणी हातही लावला नाही. तो होता तिथेच आहे आणि अब्रूने आहे.

आता इथे कोणी म्हणेल की सगळ्याच गळत्या ब्रीदरच्या असतात. कृपा करून म्हणू नका. नाहीतर उद्या चौथा पंथ निघेल आणि ज्याच्या त्याच्या गाडीची नळी उपटत फिरेल. कधी खरंच सील गेलेला असतो. कधी चेंबरला दगड लागून चीर गेलेली असते. कधी तेलाच्या प्रेशरचा तो बोटभर स्विच झिरपत असतो आणि सगळा ब्लॉक भिजवतो. कधी मालकानेच मायेपोटी वरच्या खुणेच्या पुढे तेल ओतलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच, की मत द्यायच्या आधी पुसा, पावडर लावा, बघा. आणि वही ठेवली असेल तर शेऱ्याचा रकाना वाचा.

पुढच्या महिन्यात आम्ही मेहकरला गेलो. सिंदखेड राजापर्यंत मी दर दहा मिनिटांनी लाल दिव्याकडे पाहत होतो, तिथून पुढे आई माझ्याकडे पाहू लागली म्हणून बंद केलं. तिने बालाजीचं दर्शन घेतलं, माहेरच्या वाड्याच्या उरलेल्या भिंतीला हात लावला, भावजयीशी दोन तास भांडली आणि समाधानाने गाडीत येऊन बसली, आधी पाठ, मग पाय.

परवा मेव्हणा आला होता. फाटकातून शिरला, सवयीप्रमाणे वाकला, पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि विजयी मुद्रेने कंबर सरळ केली.

"भाऊजी, अजून गळतंच का?"

"हो," मी म्हणालो. "रात्रभरात अकरा थेंब. काल बारा होते."